विद्यार्थीकेंद्री अध्यापन: प्राध्यापक सांगतात ते आणि वर्गात घडतं ते

तळटीप

नमस्कार मंडळी. कॉलेजात, विद्यापीठात शिकवणारे आणि शिकणारे इथे बरेच जण आहेत, म्हणून हा धागा काढतेय.

‘तुमचं शिकवणं विद्यार्थीकेंद्री आहे का?’ असं कुठल्याही प्राध्यापकाला विचारा, उत्तर ‘हो’ असंच येतं. प्रत्यक्षात वर्गात डोकावलं तर बहुतेक वेळा एकच माणूस बोलत असतो आणि बाकीचे उतरवून घेत असतात. २०१८ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात एक अभ्यास आला होता. उत्तर अमेरिकेतल्या विद्यापीठांमधले विज्ञान-अभियांत्रिकीचे दोन हजारांहून जास्त तास त्यात तपासले होते. शिक्षक काय करतोय, मुलं काय करताहेत, याची दर दोन मिनिटांनी नोंद. त्यात ५५ टक्के तास मुख्यतः व्याख्यानाचे निघाले. विद्यार्थीकेंद्री म्हणावेत असे फक्त १८ टक्के.

त्याआधी २०११ मध्ये तिथल्याच जीवशास्त्राच्या प्राध्यापकांवरचा एक अभ्यास आला होता. नव्या पद्धतींच्या कार्यशाळा केलेल्या बहुतेकांनी ‘आम्ही आता तसंच शिकवतो’ असं सांगितलं. त्यांच्या तासांचे व्हिडिओ पाहिले तर चारातले तीन जण अजून व्याख्यानच देत होते. ही माणसं खोटं बोलत होती असं मला वाटत नाही. मधूनमधून ‘समजलं का?’ विचारलं की आपण वर्गाला सामील करून घेतलं असं मनापासून वाटतं.

माझं म्हणणं असं, की गट पाडणं, प्रेझेंटेशन करायला लावणं, प्रश्नमंजूषा घेणं म्हणजे विद्यार्थीकेंद्री शिकवणं नव्हे. तासाची तयारी करताना तुमच्या मनात ‘मी आज काय सांगणार’ एवढंच असतं, की ‘याबद्दल त्यांच्या डोक्यात आत्ता काय आहे’ हेही असतं, फरक तिथे पडतो.

तर प्रश्न दोन. तुम्ही वर्गात नेमकं काय करता? आणि आडवं काय येतं?

प्रयोगवही

चांगला विषय. मी भौतिकशास्त्र शिकवतो, त्यातलंच सांगतो.

पहिल्या वर्षाला हमखास विचारायचा प्रश्न: नाणं सरळ वर फेकलं. हातातून सुटलंय, अजून वर जातंय. हवेचा रोध सोडून द्या. या क्षणी नाण्यावर कुठली बलं आहेत? उत्तर एका शब्दाचं, गुरुत्वाकर्षण. पण न्यूटनच्या दुसऱ्या नियमावरची गणितं सटासट सोडवणारी मुलंसुद्धा ‘वर ढकलणारं हाताचं बल’ लिहितात आणि ते हळूहळू कमी होतं असंही पुढे जोडतात.

हार्वर्डच्या एरिक मझूर यांना हेच दिसलं होतं. गणितं सुटली तरी संकल्पना कच्च्या राहतात हे दाखवणारा हॅलून आणि हेस्टेनिस यांचा १९८५ चा अभ्यास वाचून त्यांनी स्वतःच्या वर्गाला असेच साधे प्रश्न दिले. निकाल बघून १९९१ पासून त्यांनी तासाची घडीच बदलली. थोडं सांगायचं, मग एक संकल्पनेचा प्रश्न टाकायचा. प्रत्येकाने एकट्याने उत्तर ठरवायचं. मग ज्याचं उत्तर वेगळं आहे अशा शेजाऱ्याला पटवून द्यायचं. मग पुन्हा मत नोंदवायचं. बरोबर उत्तरं साधारण ३० ते ७० टक्के असतील तरच चर्चेला सोडायचं. त्याहून कमी असतील तर आपणच पुन्हा समजावायचं, कारण पटवून देणारंच कोणी नसतं.

मी बोटांवर मतं घेतो, म्हणजे जो पर्याय बरोबर वाटतो त्याच्या क्रमांकाएवढी बोटं दाखवायची. हात छातीशी धरायचा, म्हणजे शेजारच्याला दिसत नाही. गेल्या सत्रात ऐकलेला संवाद:
‘बल नाही तर नाणं वर जातं कशाने?’
‘वेग आहे ना त्याला. वेग असायला बल लागत नाही, वेग बदलायला लागतं.’
विचारणारी मुलगी गप्प झाली, वहीत बाण काढला, खोडला, पुन्हा काढला. हेच वाक्य मी फळ्यापाशी उभा राहून आदल्या तासाला सांगितलं होतं.

हजेरीपट

वाचतोय. सविस्तर रात्री लिहितो.

उपपत्ती

माझं मत वेगळं आहे आणि ते ठामपणे मांडतो.

गणित ही शेकडो वर्षांत घडलेली गोष्ट आहे. ती पहिल्या वर्षाच्या मुलांनी तासाभरात गटात बसून ‘शोधून काढावी’ ही अपेक्षा मला त्यांच्यावर अन्याय वाटते. कर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांनी २००६ मध्ये सविस्तर मांडलं होतं की नवशिक्याला मार्गदर्शन न देता प्रश्नात सोडलं तर त्याची कार्यस्मृती, म्हणजे एका वेळी डोक्यात धरून ठेवायची मर्यादित जागा, वाट शोधण्यातच संपते, शिकायला उरत नाही. पूर्ण सोडवून दाखवलेलं उदाहरण नवख्याला जास्त शिकवतं. पुढे तो विषयात मुरला की तीच उदाहरणं उलट अडथळा होतात, हेही संशोधनात दिसलंय. त्यामुळे कोणाला, कुठल्या टप्प्यावर, हे न बघता सगळ्यांना एकच औषध देऊ नये.

नीट रचलेलं व्याख्यान ही वाईट गोष्ट नाही. मी ज्यांच्यामुळे गणितात आलो त्या बाई तासभर फळ्यावर लिहायच्या आणि वर्ग श्वास रोखून ऐकायचा.

मागचाबाक

विद्यार्थी म्हणून लिहू का? एमएस्सीला आहे.

गटकाम म्हटलं की पोटात गोळा येतो. पाच जणांचा गट, काम एक जण करतो, एक जण स्लाइडचे रंग ठरवतो, बाकीचे सादरीकरणाच्या दिवशी उगवतात. गुण सगळ्यांना सारखे. शिवाय प्रत्येक गटाने आपापला भाग वाचून दाखवला की धडा ‘झाला’ म्हणतात. दुसऱ्या गटाने काय सांगितलं ते कोणीच ऐकलेलं नसतं. याला विद्यार्थीकेंद्री म्हणत असतील तर मला उपपत्ती सरांचा फळा चालेल.

नदीकाठ

मागचाबाक, अगदी मनातलं लिहिलंत. तो प्रकार म्हणजे प्राध्यापकाच्या जागी विद्यार्थ्यांना उभं करून तेच व्याख्यान, तेही कमी तयारीचं.

तळटीप

उपपत्ती सर, तुमच्या मुद्द्यामुळे धागा योग्य ठिकाणी आला. विद्यार्थीकेंद्री म्हणजे मार्गदर्शन काढून घेणं असं मी म्हणत नाहीये.

कीथ ट्रिगवेल आणि मायकेल प्रॉसर यांनी नव्वदच्या दशकात विद्यापीठातल्या शिक्षकांच्या मुलाखती घेऊन शिकवण्याच्या दृष्टिकोनांची मांडणी केली. एका टोकाला शिक्षकावर रोख आणि माहिती पोचवण्याचा हेतू. दुसऱ्या टोकाला विद्यार्थ्यावर रोख आणि त्याची समज बदलण्याचा हेतू. त्यात हेतू आणि पद्धत दोन्ही धरले आहेत. नुसती पद्धत उचलली आणि हेतू तोच राहिला, तर मागचाबाकने लिहिलंय ते घडतं.

१९९९ मध्ये त्यांनी वॉटरहाउस यांच्यासोबत विज्ञानाचे ४८ वर्ग, जवळपास चार हजार विद्यार्थी तपासले. शिक्षकाचा रोख माहिती पोचवण्यावर असेल तिथे मुलं वरवरच्या अभ्यासाकडे झुकलेली होती. उलट बाजूचा संबंध तेवढा ठळक नव्हता, पण होता.

शंकासुर

यातून कार्यकारण सिद्ध होत नाही. मुलंच पाठांतर करणारी असतील तर शिक्षकही थकून सांगून मोकळा होत असेल.

तळटीप

बरोबर. तो सहसंबंधच आहे. आणि तुम्ही म्हणता तसं उलटही घडतं. एकच प्राध्यापक एका विषयाला एक आणि दुसऱ्या विषयाला वेगळा दृष्टिकोन घेतो, हेही अभ्यासांत दिसलंय. म्हणजे ही माणसाची जात नाही, प्रसंगाप्रमाणे बदलणारी गोष्ट आहे. मला तर यात आशा दिसते.

प्रयोगवही

शंकासुर, परिणामांचे आकडे हवे असतील तर दोन ठिकाणी बघा.

रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये यांत्रिकीच्या ६२ अभ्यासक्रमांतले ६,५४२ विद्यार्थी एकत्र तपासले. सत्राच्या सुरुवातीला आणि शेवटी संकल्पनांची तीच चाचणी. सुरुवातीला जेवढं येत नव्हतं त्यातलं किती भरून निघालं, हे मोजलं. पारंपरिक वर्गांत सरासरी ०.२३, परस्परसंवादी वर्गांत ०.४८. म्हणजे दुपटीहून जास्त.

दुसरा स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांचा २०१४ चा, २२५ अभ्यासांचा एकत्रित आढावा. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गात नापासांचं प्रमाण सरासरी ३३.८ टक्के, सक्रिय अध्ययन असलेल्या वर्गात २१.८ टक्के. या फरकामागे चेहरे आहेत हो. नापास होऊन शास्त्र सोडून जाणारी मुलं मी दरवर्षी बघतो.

उपपत्ती

फ्रीमन मी वाचलाय. त्यात ‘सक्रिय अध्ययन’ या नावाखाली तासात मधूनमधून एखादा प्रश्न विचारण्यापासून ते पूर्ण वर्ग कार्यशाळेसारखा चालवण्यापर्यंत सगळं आलंय. त्या सरासरीवरून नेमकं काय करावं ते मला कळत नाही. पण नुसतं व्याख्यान देणं मागे पडतं एवढं त्यातून निघतं, हे मान्य.

खडूफळा

सगळं पटतं. पण माझ्यासमोर दोनशे मुलं असतात, बाकं जमिनीला ठोकलेली, माइक मध्येच बंद पडतो. पोर्शन संपला नाही तर मुलंच तक्रार करतात. शेजाऱ्याशी बोला म्हटलं की जो गलका होतो तो आवरण्यातच दहा मिनिटं जातात. अशा ठिकाणी काय करायचं सांगा, मी मनापासून विचारतोय.

प्रयोगवही

खडूफळा, शेजाऱ्याशी बोलायला बाक हलवावं लागत नाही, ही यातली सोय. गलक्याबद्दल: प्रश्न फळ्यावर लिहिलेला हवा, पर्याय लिहिलेले हवेत, वेळ सांगितलेली हवी, आणि आधी एकट्याने उत्तर ठरवलेलं हवं. ठरवलेलं उत्तर हातात असलं की बोलणं त्याच उत्तरावर होतं. ‘चर्चा करा’ एवढंच म्हणून सोडलं तर काल कोण कुठे गेलं होतं इथपासून सुरुवात होते. :)

पोर्शनबद्दल: जे पुस्तकात नीट दिलंय ते वर्गात वाचून दाखवायचं नाही, एवढं ठरवलं तरी बराच वेळ सुटतो. पण ते मुलांनी आधी वाचून यावं लागतं, आणि त्यासाठी वाचलेल्यावर एखाद-दुसरा प्रश्न तासाआधी सोडवून घ्यावा लागतो. त्याशिवाय वाचत नाहीत.

करारावर

मी तात्पुरत्या नेमणुकीवर शिकवते. पुढच्या सत्राला बोलावणं येणार की नाही हे बऱ्याच अंशी विद्यार्थ्यांच्या अभिप्रायाच्या फॉर्मवर ठरतं. प्रश्न विचारणारा, डोकं शिणवणारा तास घेतला की फॉर्मवर येतं, ‘मॅडम शिकवत नाहीत, आम्हालाच विचारतात.’ सरळ नोट्स दिल्या की ‘उत्तम शिकवतात.’

यावर हार्वर्डमध्येच झालेला एक प्रयोग २०१९ ला प्रसिद्ध झाला. भौतिकशास्त्राचे विद्यार्थी दोन गटांत यादृच्छिक पद्धतीने वाटले. एकाला कसलेल्या शिक्षकाचं ओघवतं व्याख्यान, दुसऱ्याला त्याच मजकुरावर स्वतः झगडायला लावणारा तास. चाचणीत दुसरा गट पुढे. पण ‘आज किती शिकलो असं वाटतं’ यात पहिला गट पुढे! ओघवतं ऐकलं की समजल्यासारखं वाटतं. झगडताना आपल्याला येत नाही हेच आधी जाणवतं.

आता सांगा, ज्याची नोकरी त्या फॉर्मवर टांगलेली आहे त्याने कुठला तास निवडावा? कायम नोकरीतल्या मंडळींनी ‘हिंमत करा’ म्हणणं सोपं आहे. विभागप्रमुखांनी फॉर्मसोबत मुलांची समज किती वाढली हेही बघितलं, तरच आमच्यासारख्यांना मोकळेपणाने शिकवता येईल.

मागचाबाक

करारावर मॅडम, हे खरं आहे. आमच्याकडे एक सर आहेत, त्यांच्या तासातून बाहेर पडलो की डोकं जड होतं आणि आपण मठ्ठ आहोत असं वाटतं. पण परीक्षेच्या आधी त्यांचाच विषय सगळ्यात कमी वाचावा लागतो. फॉर्म मात्र तासानंतर दोन दिवसांत भरून घेतात.

हे असं होणार आहे, हे पहिल्याच दिवशी मुलांना सांगितलं तर फरक पडेल का?

करारावर

पडतो. त्या प्रयोगाच्या लेखकांचाही तोच सल्ला आहे, सत्राच्या सुरुवातीलाच याबद्दल बोला. मी हा निष्कर्षच मुलांसमोर ठेवते. कुरकुर पूर्ण थांबत नाही, पण ‘आम्हालाच विचारतात’ ही तक्रार राहत नाही.

नदीकाठ

मी अर्थशास्त्र शिकवते. माझ्याकडे एकच छोटी गोष्ट आहे, पण तिने माझं शिकवणं बदललं. तासाच्या शेवटी प्रत्येकाने चिठ्ठीवर एक ओळ लिहायची: आज सगळ्यात धूसर काय राहिलं? नाव लिहायचं नाही.

मागणीचा नियम झाल्यावर एक चिठ्ठी आली: ‘किंमत वाढली की मागणी कमी होते. मागणी कमी झाली की किंमत कमी होते. मग किंमत वाढलीच कुठे?’

किती सुंदर प्रश्न आहे बघा! त्या मुलाला (किंवा मुलीला) दोन्ही वाक्यं पाठ होती. पहिल्या वाक्यात आपण आकृतीतल्या मागणीच्या रेषेवरून सरकतो, दुसऱ्यात सगळी रेषाच सरकते. दोन्हींना ‘मागणी कमी झाली’ म्हणायची आपली सवय. ‘समजलं का?’ विचारलं असतं तर सगळ्यांनी माना डोलावल्या असत्या. पुढचा तास मी ती चिठ्ठी फळ्यावर उतरवून सुरू केला आणि मुलांनीच दोन आकृत्या काढून तिचं उत्तर दिलं.

दोनशे चिठ्ठ्या वाचायला वेळ लागत नाही खडूफळा, बहुतेकांचं दुखणं तीन-चार ठिकाणीच असतं.

शंकासुर

अवांतर: ‘समजलं का?’ विचारून आपण थांबतो किती? मेरी बड रो यांनी सत्तरच्या दशकात शाळांमधले तास ध्वनिमुद्रित करून मोजलं होतं. शिक्षक प्रश्न विचारून सरासरी सेकंदभरच थांबत होते. तोच वेळ तीन सेकंदांवर नेला तर उत्तरं लांब आणि कारणांसह येऊ लागली, आणि एरवी न बोलणारी मुलं बोलू लागली. हे शाळेतलं असलं तरी आपल्या वर्गाला लागू पडावं. यासाठी बाकं, माइक, निधी काही लागत नाही.

खडूफळा

तीन सेकंद वर्गासमोर गप्प उभं राहणं किती लांब वाटतं ते फळ्यापाशी उभं राहिल्यावरच कळतं. पण करता येईल असं आहे. चिठ्ठ्याही.

हजेरीपट

सविस्तर लिहितो म्हणालो होतो. प्रश्नपत्रिका काढणं आणि तपासणं यात माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे तिथूनच बोलतो.

वर्गात कितीही चर्चा करा, पेपरात ‘व्याख्या लिहा, वैशिष्ट्ये सांगा, टिपा लिहा’ असेल तर मूल पाठच करणार. आणि त्याचं काही चुकत नाही. जॉन बिग्ज यांनी १९९६ मध्ये हेच नीट मांडलं. विद्यार्थ्याला शेवटी काय करता आलं पाहिजे ते आधी ठरवा, तासात तेच करायला लावा, परीक्षेतही तेच विचारा. तिन्ही एका रेषेत हवं. ‘समजणे’ हे उद्दिष्ट लिहून उपयोग नाही, कारण ते तपासता येत नाही. ‘अनोळखी उदाहरणाला लावून दाखवणे’, ‘दोन स्पष्टीकरणांची तुलना करणे’ असं लिहिलं की प्रश्न आपोआप बदलतो.

मार्टन आणि साल्यो यांचे १९७६ चे स्वीडनमधले प्रयोग बघा. विद्यार्थ्यांना लेख वाचायला दिला. काहींनी ‘विचारतील ते सांगता आलं पाहिजे’ म्हणून शब्द धरून ठेवले, काहींनी लेखकाला काय म्हणायचंय ते शोधलं. पहिल्यांना मजकुरातले तुकडे आठवत, मुद्दा मात्र निसटलेला.

त्यामुळे कार्यशाळा शिक्षकांच्या घ्या, पण अभ्यासमंडळ आणि परीक्षा विभागालाही त्याच खोलीत बसवा. त्याशिवाय हा सगळा भार एकट्या शिक्षकाच्या खांद्यावर येतो.

तळटीप

हजेरीपट सर, याला शंभर टक्के अनुमोदन. कार्यशाळेवरून आठवलं. हेलसिंकी विद्यापीठात शिक्षकांच्या अध्यापन-प्रशिक्षणाचा परिणाम तपासला गेला, २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. दीर्घ प्रशिक्षण घेतलेल्यांचा दृष्टिकोन विद्यार्थ्याकडे झुकलेला होता आणि आत्मविश्वासही वाढलेला होता. थोडकंच प्रशिक्षण घेतलेल्यांना मात्र स्वतःबद्दल जास्त शंका वाटत होती. जुनी वाट सुटलेली, नवी अजून पायाखाली आलेली नाही. दोन दिवसांची कार्यशाळा घेऊन प्रमाणपत्र दिलं की काम झालं असं मानणाऱ्यांनी हे वाचायलाच हवं.

उपपत्ती

दोन दिवस विचार करून लिहितोय.

फलनाच्या (फंक्शनच्या) सातत्याची एप्सिलॉन-डेल्टा व्याख्या मी फळ्यावर पूर्ण देतो, एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवतो. (एप्सिलॉन म्हणजे फलनाच्या किमतीत किती फरक चालेल ते, डेल्टा म्हणजे त्यासाठी x बिंदूच्या किती जवळ ठेवायचा ते.) तिथे मी कोणाला काही ‘शोधायला’ लावत नाही आणि लावणार नाही. मग व्याख्येतले दोन शब्दसमूह उलटे करून लिहितो. ‘प्रत्येक एप्सिलॉनसाठी एक डेल्टा असतो’ याऐवजी ‘एक असा डेल्टा असतो की तो प्रत्येक एप्सिलॉनला चालतो’. आणि विचारतो, आता कुठली फलनं टिकतील?

बहुतेक जण आधी म्हणतात, फरक काहीच नाही. मग कोणीतरी ‘f(x) = x’ घेऊन बघतं आणि ते गळतं. शेवटी वर्ग पोचतो की त्या बिंदूच्या आसपास स्थिर असलेली फलनंच उरतात. त्या पंधरा मिनिटांत मी जवळजवळ बोलतच नाही.

हे तुमच्या व्याख्येत बसत असेल तर ठीक. पण आधीचं अर्ध्या तासाचं व्याख्यान काढून टाकलं तर त्या पंधरा मिनिटांना काही अर्थ राहणार नाही, हे माझं म्हणणं कायम आहे.

तळटीप

सर, मी पहिल्या पोस्टमध्ये विचारलं होतं ते हेच. तो उलटा केलेला प्रश्न तुम्हाला सुचला, कारण मुलं नेमकी कुठे अडकतात ते तुम्हाला माहीत आहे. ज्याला ते माहीत नाही त्याला अर्ध्या तासाच्या व्याख्यानात कुठे थांबायचं तेही कळत नाही. व्याख्यान राहू द्या.

प्रयोगवही

उपपत्ती, प्रश्न उचलतोय, आमच्या गणितवाल्यांना देतो.

खडूफळा

असे प्रश्न विषयवार एका जागी जमले तर फार बरं होईल. चांगला प्रश्न सुचायलाच सगळ्यात जास्त वेळ जातो. मी वनस्पतिशास्त्राचा, सुरुवात मी करतो.

एवढंसं बी, त्याचं मोठं झाड झालं. त्या लाकडाचं वस्तुमान आलं कुठून? बहुसंख्य मुलं ‘मातीतून’ म्हणतात. मग त्यांना व्हॅन हेल्माँटचा प्रयोग द्यायचा, १६४८ मध्ये प्रसिद्ध झालेला. कुंडीत पाच पौंडांचं विलोचं रोप, पाच वर्षं फक्त पाणी. झाड झालं १६९ पौंडांचं, माती घटली जेमतेम दोन औंस. आता मुलं ‘पाण्यातून’ म्हणतात, आणि हेल्माँटनेही तेच म्हटलं होतं. इथे थांबायचं आणि विचारायचं, की लाकूड जाळल्यावर कोळसा उरतो, तर पाण्यात कार्बन कुठे आहे? पुढचं हवेपर्यंत ती आपली आपण जातात, बहुतेक वेळा.

पुढचा प्रश्न कोण देतंय?

नदीकाठ

वेगळा धागा काढते, ‘संकल्पना तपासणारे प्रश्न, विषयवार’. माझी मागणीची चिठ्ठी, नाणं, डेल्टा आणि झाड तिथे आधीच टाकते. प्रत्येक प्रश्नासोबत मुलं सहसा कुठलं चुकीचं उत्तर देतात आणि का, हेही लिहा. नुसत्या प्रश्नापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल. हजेरीपट सर, तुमचे परीक्षेत विचारलेले प्रश्नही हवेत.

हजेरीपट

देतो. तपासताना दिसलेल्या उत्तरांसह देतो.